पाण्याची जागा

पिठाची मर्यादा आपल्या घरांत कुणी वेगळी शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. आई-आजीच्या तोंडून हे आकडे इतक्यांदा कानावर पडलेले असतात की त्यामागचा विचार विचारायचा राहून जातो. विचार साधा आहे. ओल आली की जीव उत्पन्न होतात, आणि मग ते पीठ खाल्लं तर हिंसा आणि ठेवलं तरी नासाडी. म्हणून पाणी गाळायचं, धान्य वाळवायचं, पापड-सांडगे वैशाखाच्या उन्हात कडक करून चातुर्मासासाठी डब्यात भरायचे. ओलीशी इतकं सावध नातं ठेवणाऱ्या बायका जगात थोड्याच असतील.

हे सांगायचं कारण असं की ओल काढून वस्तू टिकवण्याची ही जी आपली घरगुती विद्या, तिची एक फार दूरची, फार शिकलेली बहीण औषधाच्या कारखान्यांत नांदते. आपण तिला पाहिलेलं असतं, ओळखलेलं नसतं. गोवराच्या लसीची छोटी बाटली, अपत्यासाठी उपचार घेणाऱ्या मुलीची इंजेक्शनं, छातीच्या कर्करोगावरचं महागडं औषध, साप चावल्यावरचं इंजेक्शन. या बाटल्यांच्या तळाशी पुष्कळदा पांढरी भुकटी किंवा खडूच्या वडीसारखा गोळा असतो. सिस्टर त्यात पाणी घालते, बाटली हळूच फिरवते आणि मग सुई भरते. आपण विचारतो, पाणीच घालायचं होतं तर आधी काढलं कशाला? या एका प्रश्नाच्या उत्तरात सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात मुंबई आहे, बेळगाव आहे, आणि आज या कामाचं मोठं केंद्र झालेलं हैदराबाद आहे.

आधी हे औषध कशाचं असतं ते पाहू. गोळ्यांतली बरीचशी औषधं म्हणजे लहान, घट्ट रेणू. मिठासारखी किंवा तुरटीसारखी, त्यांना कपाटात ठेवलं तरी फारसं बिघडत नाही. पण इन्सुलिन, विषावरचा उतारा, कर्करोगावरच्या प्रतिपिंडांची औषधं ही प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी, ठरावीक घड्या घालून गुंडाळलेली. नऊवारी नेसलेली असते तोवरच ती नऊवारी, निऱ्या सुटल्या की नुसतं लुगडं. प्रथिनाचंही तसंच. घडी मोडली की औषधाचा गुण गेला. दुधात लिंबू पिळलं की पनीर होतं, तेव्हाही दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात. एकदा फाटलेलं दूध पुन्हा दूध होत नाही. उष्णता, आंबटपणा, फेस, नुसतं जोरात हलवणं, इतकंच काय पण काचेला चिकटणं, यांतलं काहीही या घड्या मोडायला पुरतं. आणि पाण्यात राहिलं की हे सगळं लवकर घडतं.

आता इतिहासाकडे वळू. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानात लस लागू पडलेली ही पहिली व्यक्ती. जेन्नरने आपली लस जाहीर केली होती 1798 साली. मग मधली चार वर्षं कशात गेली? तर वाळवण्यात. लस विलायतेहून धाग्यावर वाळवून, काचेच्या तुकड्यांत बंद करून पाठवत होते, आणि इथल्या उन्हात ती येईपर्यंत निकामी होत होती. शेवटी बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी माणसांतून ती मुंबईत पोचली. ॲनाच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना टोचलं गेलं आणि तिथून लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. म्हणजे हैदराबादला लस प्रथम गेली ती एका लहान मुलीच्या दंडावरून सुरू झालेल्या साखळीतून. औषध वाळवता येत नव्हतं म्हणून लेकरांचे दंड बाटली झाले होते. ॲनाच्या पुढच्या आयुष्याबद्दल इतिहास फारसं बोलत नाही. मुलींच्या बाबतीत तो नेहमीच कमी बोलतो.

पुढे वासरांच्या आणि रेडकांच्या कातडीवर लस वाढवायला लागले. ग्लिसरिनमध्ये घोटलेली ही ओली लस बर्फात ठेवली तर बरी, नाहीतर उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत निष्प्रभ. टोचणारा गावोगाव फिरायचा, टोचल्याची नोंद व्हायची, आणि तरी देवी यायच्या. लोक म्हणायचे, देवीचा कोप. खरा कोप होता तो वैशाखाचा.

उन्हात वाळवून प्रथिन टिकत नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. मार्ग सापडला तो थंडीतून. कापूर डबीत ठेवला की तो वितळत नाही, ओला होत नाही, पण दिवसेंदिवस कमी होत जातो. घन अवस्थेतून तो थेट हवेत जातो. बर्फालाही हे जमतं, आणि भोवतालची हवा जवळजवळ सगळी काढून टाकली की ते लवकर घडतं. आधी औषध गोठवायचं, मग निर्वात पेटीत ठेवून अगदी सावकाश ऊब द्यायची. बर्फ पाणी न होताच वाफ होऊन निघून जातो आणि मागे उरतो जाळीदार, हलका सांगाडा. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले लोक शतकानुशतकं रात्रीच्या कडाक्यात बटाटे गोठवून, तुडवून, उन्हात सुकवत आले आहेत, त्याचंच हे प्रयोगशाळेतलं रूप. अमेरिकेत शॅकेल नावाच्या संशोधकाने 1909 साली निर्वात पोकळीत गोठवून वाळवण्याची रीत मांडली. 1935 च्या सुमारास फिलाडेल्फियात फ्लॉसडॉर्फ आणि मड यांनी ती रक्तद्रवासाठी बसवली, आणि दुसऱ्या महायुद्धात वाळवलेल्या रक्तद्रवाच्या बाटल्या रणांगणावर पोचल्या. पाणी मिसळलं की जखमी सैनिकाला द्यायला तयार.

देवीच्या लसीचं कोडं मात्र 1950 च्या दशकात सुटलं. इंग्लंडमधल्या लिस्टर इन्स्टिट्यूटच्या लेस्ली कॉलियर यांनी लस गोठवून वाळवताना तिच्यात 5 टक्के पेप्टोन घातलं. पेप्टोन म्हणजे अर्धवट पचवलेलं प्रथिन. एवढ्या एका भरीने लस अशी टिकाऊ झाली की 37 अंशांच्या उष्णतेत महिनाभर ठेवूनही ती गुण राखली पाहिजे, अशी अट जागतिक आरोग्य संघटनेला घालता आली. भारताने 1962 मध्ये देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तेव्हा ओली लसच वापरात होती. मग सोव्हिएत रशियाने वाळवलेल्या लसीच्या कोट्यवधी मात्रा दिल्या आणि पाठोपाठ आपल्याकडेही चार ठिकाणी ती बनू लागली. नैनितालजवळचं पटवाडांगर, मद्रासचं गिंडी, आपलं बेळगाव, आणि हैदराबाद.

बेळगावच्या वाचक भगिनींना टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो मैदान सांगायला नको. तिथे सकाळी फिरायला जातात, प्रदर्शनं भरतात, मुलं क्रिकेट खेळतात. त्या नावातला ‘डेपो’ एस.टी.चा नाही, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. बेळगावात आणि हैदराबादेत बनलेल्या त्या भुकटीने देशाच्या उन्हातून वाट काढली. 1975 च्या मे महिन्यात भारतातली देवीची शेवटची रुग्ण सापडली आणि 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. आपल्या दंडावर देवीचा वण आहे आणि आपल्या मुलींच्या दंडावर नाही, यात त्या भुकटीचा वाटा आहे.

कॉलियरने भर घातली आणि लस टिकली. पण का टिकली? आपण पापड वाळवतो तेव्हा पाणी गेलं की काम झालं. प्रथिनाचं तसं नसतं. त्याच्या घड्यांना पाण्यानेच चहूबाजूंनी टेकू दिलेला असतो. पाणी काढून घेतलं की घड्या कोसळतात. म्हणून पाण्याच्या जागी दुसरं कुणीतरी उभं राहावं लागतं.

हे कोण उभं राहतं, याचा शोध लागला तो जगण्याच्या एका अद्भुत प्रकारातून. काही अतिसूक्ष्म जीव संपूर्ण वाळून जातात, वर्षानुवर्षं धुळीसारखे पडून राहतात आणि पाण्याचा थेंब मिळताच हालचाल करू लागतात. कोरडं दिसलं म्हणजे निर्जीव नसतं, हे आपल्याला शास्त्रातून ठाऊक असतं, विज्ञानाला ते सूक्ष्मदर्शकातून कळलं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे जॉन आणि लोईस क्रो या पतिपत्नींनी 1980 च्या दशकात दाखवून दिलं की असे जीव वाळण्यापूर्वी अंगात ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतात. पाणी निघून जाताना ही साखर त्याच्या जागी बसते, त्याच्यासारखाच आधार देते. शिवाय ती दाणेदार न होता काचेसारखी घट्ट होते, आणि त्या काचेत प्रथिन जागच्या जागी थिजून राहतं. हलता येत नाही, म्हणून बिघडताही येत नाही.

या साखरेच्या नावामागे एक गोष्ट आहे आणि ती आपण जाणून घेतलेली बरी. मध्यपूर्वेकडे एका भुंग्याच्या कोशाला ‘ट्रेहाला’ म्हणत. तो कोश जुन्या वैद्यकात वापरत. 19व्या शतकाच्या मध्यावर त्यातून ही साखर वेगळी काढली गेली म्हणून तिचं नाव ट्रेहॅलोज. पण आज औषधासाठी लागणारी ट्रेहॅलोज कोशातून येत नाही. 1990 च्या दशकात जपानमध्ये ती पिठूळ स्टार्चपासून बनवण्याची रीत निघाली आणि ती स्वस्त झाली. नाव किड्याचं, साखर धान्याची.

साखरच घालायची तर कुठलीही चालेल, असं मात्र नाही. आपली रोजची उसाची साखर चालते, आणि पुष्कळ औषधांत ती असतेही. पण ग्लुकोज किंवा दुधातली साखर घातली तर ती प्रथिनाशी संयोग पावते आणि भुकटी पिवळी-तपकिरी पडते. दूध आटवताना कढईच्या कडेला जो तांबूस थर धरतो, भाकरीवर जे डाग पडतात, तीच ही क्रिया. स्वयंपाकघरात ती चव देते, औषधात घात करते.

याशिवाय कितीतरी व्यवधानं सांभाळावी लागतात. द्रावणाचा आंबटपणा स्थिर ठेवायला सोडियम फॉस्फेट वापरलं तर गोठताना त्यातला एक क्षार आधी खडा होऊन बसतो आणि उरलेलं द्रावण चांगलंच आंबट होतं, दुधात लिंबू पिळल्यासारखं. म्हणून त्याऐवजी बऱ्याचदा हिस्टिडीन घेतात. प्रथिन बर्फाच्या पृष्ठभागाला चिकटू नये म्हणून साबणाच्या जातीचा एक पदार्थ अगदी चिमूटभर घालतात. वाळवताना ऊब जरा जास्त झाली की सगळा सांगाडा ढासळून चिकट लगदा होतो. उसाच्या साखरेच्या द्रावणाला उणे 32 अंशांच्या वर नेलं तरी तो धोका. तेवढ्या थंडीत बर्फ सावकाशच जातो, म्हणून एक घाणा निघायला कित्येक दिवस लागतात. शेवटी ओल उरते ती शंभरात एक भाग किंवा त्याहून कमी. हे काम करणाऱ्यांची नावं बाटलीवर नसतात. औषध शोधणाऱ्याला मान मिळतो, ते टिकवणारा कुणाला माहीत नसतो. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, भाजी पिकवणाऱ्याचं नाव होतं, वाळवण घालणारीचं कधी झालंय?

हैदराबाद या कामाचं केंद्र कसं झालं, तेही थोडक्यात पाहू. 1960 च्या दशकात रशियाच्या मदतीने तिथे आयडीपीएल हा सरकारी औषध कारखाना उभा राहिला. औषधं बनवणारे हात आणि डोकी तिथे तयार झाली, डॉ. रेड्डीज्‌चे संस्थापक अंजी रेड्डीही तिथलेच. 1977 मध्ये पेशी आणि रेणूंच्या अभ्यासासाठी सीसीएमबी ही प्रयोगशाळा आली. मग 1993 मध्ये वरप्रसाद रेड्डी या इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरने आईच्या नावाने शांता बायोटेक्निक्स सुरू केली. परदेशी तंत्रज्ञान मिळेना, म्हणून त्यांनी उस्मानिया विद्यापीठ आणि सीसीएमबीच्या आश्रयाने स्वतःच हेपॅटायटिस-बीची लस घडवली. 1997 च्या ऑगस्टमध्ये ती बाजारात आली. बाहेरून येणाऱ्या लसीला शेकडो रुपये पडत, ही सुमारे 50 रुपयांत. एका आईचं नाव घेऊन निघालेल्या कंपनीमुळे ही लस हजारो आयांच्या आवाक्यात आली. पुढे शांता आणि भारत बायोटेक या दोघींनी हृदयविकारात रक्ताची गाठ विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज बनवलं, आणि ते भुकटीच्या रूपात येतं.

गंमत अशी की शांताची ती गाजलेली लस द्रवरूप आहे, आणि तिला गोठवलं तर ती वाया जाते. तिच्यातले ॲल्युमिनियम क्षाराचे कण गोठल्यावर एकमेकांना चिकटून गोळा होतात. म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एक औषध थंडीने तरतं, दुसरं थंडीने मरतं. ‘औषध आहे, टाक फ्रीझरमध्ये’ असा हिशेब कुणी करू नये.

आता बायकांच्या अगदी जवळचं उदाहरण. छातीचा कर्करोग झालेल्या साधारण पाचांतल्या एकीच्या गाठीवर एचईआर-2 नावाचं प्रथिन फार असतं. तिच्यासाठी ट्रास्टुझुमॅब हे औषध 1998 मध्ये अमेरिकेत आलं. मूळ औषधाच्या मोठ्या बाटलीत 440 मिलिग्रॅम औषध आणि 400 मिलिग्रॅम ट्रेहॅलोज असते, म्हणजे औषध आणि साखर जवळजवळ समभाग. प्रथिनाच्या एका रेणूमागे साखरेचे साधारण 360 रेणू. हे प्रमाण शोधकांनी भुकटी उष्णतेत ठेवून, तपासून ठरवलं. 2014 मध्ये बंगळुरूच्या बायोकॉनने आणि 2018 मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज्‌ने या औषधाची आपली रूपं भारतात आणली. बाटलीसोबत आलेल्या खास पाण्यात विरघळवलं तर हे औषध फ्रिजमध्ये 28 दिवस चालतं, कारण त्या पाण्यात जंतू वाढू न देणारा पदार्थ असतो. साध्या निर्जंतुक पाण्यात विरघळवलं तर लगेच वापरावं लागतं. बाटली जोराने हलवायची नाही, फेस आला की प्रथिन बिघडतं. आणि सलाइन लावताना ग्लुकोजची बाटली चालत नाही. एका साखरेने जपलेलं औषध दुसऱ्या साखरेत गुठळतं. घरातल्या कुणासाठी हे औषध चालू असेल तर ही विचारपूस करायला लाजू नये. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या आपण, इतक्या महागड्या बाटलीत कुठलं पाणी घातलं, हेही विचारावं.

आता ज्या विषयाकडे मला यायचं होतं तो. साप चावल्यावरचं औषध.

या उताऱ्याची सुरुवात 1890 च्या दशकात फ्रान्समध्ये, काल्मेत आणि इतरांच्या कामातून झाली. आपल्याकडे कसौलीच्या संस्थेत आणि मग मुंबईच्या हाफकिनमध्ये तो बनू लागला. आज हैदराबादची विन्स बायोप्रॉडक्ट्स ही तो मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या कंपन्यांपैकी एक. आपला उतारा चार सापांवर चालतो, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. ओला उतारा फ्रिजविना टिकत नाही, वाळवलेला उतारा साध्या खोलीच्या हवेत काही वर्षं राहतो. जिथे वीज जाते-येते अशा आरोग्य केंद्रात या फरकावर माणसाचा जीव तोललेला असतो.

पण ही भुकटी येते कुठून? घोड्याच्या रक्तातून. घोड्याला विषाच्या अतिसूक्ष्म मात्रा वाढवत वाढवत टोचतात, त्याच्या अंगात प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढतात, तांबड्या पेशी पुष्कळदा त्याला परत देतात. मग त्या प्रतिपिंडाचा नको तो भाग पेप्सिनने कापून टाकतात, आणि पेप्सिन मिळतं डुकराच्या जठरातून. हे सगळं लिहिताना माझा हात अडखळतो हे खरं. वाचताना तुमचंही मन अडखळेल. या घोड्यांच्या हालांबद्दल प्राणिमित्रांनी वेळोवेळी आवाज उठवला आहे आणि तो योग्यच आहे.

मग श्राविकेने काय करावं? आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडावी, बाकीच्या तीन विवेकाने कमी करत जाव्यात. शेतात वाकलेल्या बाईला घोणस चावली आणि तिला हा उतारा दिला, तर त्यात मारण्याचा संकल्प कुणाचा आहे? माझ्या मते तो नाकारणं ही अहिंसा नव्हे. ज्या औषधाने तिची लेकरं पोरकी होण्यापासून वाचतात ते घ्यावं, आणि घोड्याचं ऋण मानावं. पण ऋण मानायचं तर ते फेडण्याचा विचारही करायला हवा. आपल्या समाजात पांजरापोळांना देणगी देणारे पुष्कळ आहेत. ज्या घोड्यांनी वर्षानुवर्षं रक्त दिलं त्यांना म्हातारपणी कुठे ठेवतात, हा प्रश्न आपल्या ट्रस्टींनी कधी कुणाला विचारला आहे का?

सापाचीही बाजू आहे. पार्श्वनाथांच्या मस्तकावर फणा धरणाऱ्या नागाला आपण हात जोडतो. देशातल्या बहुतेक कंपन्यांना विष पुरवतात ते चेन्नईजवळचे इरुला आदिवासी. पूर्वी ते कातडीसाठी साप पकडत. वन्यजीव कायद्याने तो धंदा बंद झाला, आणि 1978 मध्ये रोम व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था झाली. आता ते साप पकडतात, तीन-चार आठवडे ठेवतात, चार वेळा विष काढतात आणि रानात सोडून देतात. चार दानांत आपण औषधदान आणि अभयदान अशी दोन वेगळी दानं मोजतो. या एका कामात ती दोन्ही एकत्र आली आहेत.

आणि इतिहासाचा रोख पाहिला तर दिलासा वाटावा असंही काही दिसतं. देवीची लस वासराच्या कातडीवर वाढायची, आज हेपॅटायटिसची लस यीस्टमध्ये होते. पूर्वी तीच लस रोगी माणसांच्या रक्तातून काढावी लागे. स्ट्रेप्टोकायनेज जिवाणूंकडून मिळतं. ट्रास्टुझुमॅब ज्या पेशींत बनतं त्या 1950 च्या दशकात एका हॅमस्टर मादीच्या अंडाशयातून एकदा घेतल्या, तेव्हापासून त्यांचाच वंश वाढतो आहे. पंचेंद्रियांकडून एकेंद्रियांकडे, असा हा प्रवास आहे. करणाऱ्यांच्या मनात आपलं शास्त्र नव्हतं, त्यांना शुद्धता आणि स्वस्ताई हवी होती. तरी वाट त्याच दिशेची निघाली. सापाच्या उताऱ्यातही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2024 मध्ये घोड्याविना बनवलेलं एक प्रतिपिंड जाहीर केलं. अजून ते उंदरांवरच तपासलं आहे. पण घोड्याची सुटका शक्य आहे, एवढं त्यातून कळलं.

तोवर मात्र हिशेब कडू आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58,000. त्यांतले पाव पंधरा वर्षांखालची मुलं. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे पेरणी-भांगलणीचे दिवस. भुकटी उन्हात टिकते, पण आपल्या पायांनी चालत गावात जात नाही. काही ठिकाणी ती असते आणि द्यायला डॉक्टर नसतो. एकाच जातीच्या सापाचं विषही प्रांताप्रांताने बदलतं, त्यामुळे एका भागातल्या विषावर घडवलेला उतारा दुसरीकडे कमी पडू शकतो. आणि पुष्कळदा रुग्ण आधी मांत्रिकाकडे जातो.

म्हणून आपल्या महिला मंडळांत हे चार शब्द बोलायला हवेत. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नये, मण्यार रात्री झोपलेल्यालाच चावते आणि पुष्कळदा खूणही दिसत नाही. साप चावला तर दोरीने आवळू नये, चिरा देऊ नये. पाय-हात हलू न देता थेट दवाखान्यात न्यावं. गावच्या आरोग्य केंद्रात उतारा आहे का, किती बाटल्या आहेत, हे पावसाळ्याआधी जाऊन विचारून यावं. सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात.

त्या आठ-दहा बाटल्यांत पाणी घालून सिस्टर एकेक बाटली दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवते. जोरात हलवली तर फेस येईल, घाई करायची नाही, आणि समोर माणूस तडफडतो आहे. सव्वादोनशे वर्षांत काढलेलं सगळं पाणी त्या एका क्षणी परत घातलं जातं. आजवर त्याची जागा राखून असलेली साखर किंवा क्षार विरघळून जातो, प्रथिनाच्या घड्या पुन्हा पाण्याच्या आधाराने उभ्या राहतात आणि औषध जागं होतं. एवढ्या लांबून आलेल्या औषधाचा शेवटचा हातभर रस्ता त्या सिस्टरच्या तळव्यांतून जातो. पुढच्या चातुर्मासात औषधदानाची पावती फाडताना तिच्या केंद्राचं नाव आठवलं, तर ते दान योग्य जागी पोचेल.